आतल्या भिंती

"जरा हे टोक धरता का?"

पौर्णिमाने न बघताच विचारलं होतं. खोपोलीच्या त्या नव्या इमारतीत लिफ्ट बसलीच नव्हती. तीन जिने चढून तिला धाप लागली होती आणि सोबतचा माणूस आलाच नव्हता. टेपचं टोक कुणीतरी उचललं.

"इथं?"

"नाय, तिकडं नाय… कोपऱ्यात…" ती गडबडली. "म्हणजे, नाही."

"'नाय'सुद्धा चालेल," तो हसला. "मी सिद्धांत. शाळेत गणित शिकवतो. हे घर माझंच."

कर्जतच्या एका आर्किटेक्टकडे काम करणारी, कळंबची ही पोरगी रहिवाशांच्या तक्रारीवरून बावीस घरं मोजायला आली होती. बिल्डरने चारशेवीस चौरस फूट कबूल केले होते. सिद्धांतने स्वतः मोजले, तेव्हा तीनशे ब्याण्णवच भरले.

"एवढं कमी ठरलं, तर करार मोडून पैसे परत घेता येतील," तो हळूच म्हणाला. "मग चौक गावात तळमजल्याचं घर बघीन. आई सात महिन्यांत खाली उतरलेली नाही."

आतल्या खोलीत मालतीबाई चाकाच्या खुर्चीत खिडकीपाशी बसल्या होत्या. अर्धं अंग गेलेलं, बोलणं मात्र स्पष्ट. त्यांनी पौर्णिमाला आडनाव विचारलं. ऐकून त्या क्षणभर थांबल्या… मग म्हणाल्या, "चहात साखर जास्त चालते का गं तुला?"

पुढचे चार रविवार टेपचं दुसरं टोक सिद्धांतनेच धरलं. पावसाची झड जिन्यात येत असायची, ती आकडे सांगायची, तो लिहायचा.

"तुमचा सात एकासारखा दिसतो, मास्तर."

"मग जवळ येऊन वाचा."

ती आली नाही. पण कान तापले ते तापलेच. तिसऱ्या रविवारी दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, आणि ते कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही.

मग तिने ऑफिसात बसून हिशेब मांडला. नियमाप्रमाणे बाहेरच्या भिंती सोडायच्या, बाल्कनी सोडायची. पण घराच्या आतल्या भिंतींची जाडी मात्र धरायची. सिद्धांतने ती धरलीच नव्हती. त्याच्या घरात त्या भिंती सतरा फूट भरल्या. चारशेनऊ. तूट अकरा फुटांची, आणि तेवढी तूट करारात चालत होती.

तिने तीनदा गणित केलं. एक भिंत गाळली असती तर कुणाला कळलं असतं? पेन हातात धरून ती बराच वेळ बसली. शेवटी चारशेनऊच लिहिलं, आणि सांगायला स्वतः गेली.

सिद्धांतने कागद वाचला. "मला वाटलं, तू आमच्या बाजूची आहेस."

"आहे. म्हणून तर स्वतः आले."

त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

गणपती आले नि गेले. त्याचा फोन आला नाही. मग त्याच्या शेजारच्या उज्ज्वलाताईंकडून कळलं… मालतीबाईंच्या छातीत कफ भरला होता. चौघांनी त्यांना खुर्चीसकट तीन जिने खाली उतरवलं, अँब्युलन्समध्ये घातलं. त्या परत आल्या नाहीत.

पौर्णिमा गेली. तळमजल्यावरचं घर मिळालं असतं तर… जिना चढताना हाच विचार छातीवर बसला होता. खिडकीपाशी आता जमीन मोकळी होती. सिद्धांत भिंतीला टेकून बसला होता.

"माझ्यामुळे झालं का रे?" तिने विचारलं.

"तू गेल्यावर मी सगळं घर पुन्हा मोजलं. भिंती धरून. दोनदा," तो म्हणाला. "तुझ्यावर रागवायला एक चूक हवी होती मला… सापडलीच नाही. तरी फोन केला नाही. आई रोज विचारायची, ती मुलगी का येत नाही रे आताशा, म्हणून. मी खोटं सांगत राहिलो."

पौर्णिमा रडली. तोही रडला. बाहेर घाटाकडून ढग खाली उतरत होते, आणि दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही.

ती निघाली तसा तो दारापर्यंत आला.

"उद्या येशील?"

"काय मोजायचं राहिलंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "मला तू आवडतेस… नुसती ये."

तिने होकारार्थी मान हलवली, आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरू लागली.