आडवा आठ

भय्यासाहेबांचा जुना कॅमेरा पार गंजला होता, पण लेन्स मात्र शाबूत निघाली. अमेयने अडॅप्टर मागवून ती आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. आपल्याला लेन्स लावली आहे हेही त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याला कळत नव्हतं. फोकस लेन्सची रिंग फिरवून हातानेच करायचा. जे स्पष्ट होईल त्याच्या कडा पडद्यावर लाल दिसत, एवढीच काय ती नव्या जमान्याची मदत.

"आधी डोळ्यानं अंतर माप, मंग रिंग फिरव," भय्यासाहेब खुर्चीतून म्हणाले. फॅक्टरीत उभा जन्म मोजमापात गेलेला माणूस. "आकडे काहून कोरले तिच्यावर? अन् शेवटी तो आडवा आठ. म्हणजे लय दूर, नजर पोचेल तिथवर."

अमेयला भय्यासाहेबांचा, आपल्या वडिलांचा, एक झकास फोटो हवा होता. लवकरच नागपूरला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी फारसा भरवसा दिला नव्हता.

त्याने रिंग दोन मीटरवर आणली. खुर्चीच्या कडा लाल झाल्या. खुर्चीतले भय्यासाहेब मात्र धूसरच. रिंग पुढे फिरवत नेली, तेव्हा कुठे ते लाल झाले. त्यांच्या पाठीमागे अंगणापलीकडे असलेल्या फाटकाबरोबर.

"मेघना, तू बस बरं इथं."

बायको येऊन बसली आणि खुर्चीबरोबरच लखलखीत दिसली.

"काय करून राहिला तू? तिकडे माझी भाजी जळून राहिली."

अमेय सरकारी ऑडिटर. फरक सापडल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्याने अडॅप्टर काढून पुसला, परत बसवला. खुर्ची हलवली. शेजारच्या बापूंना बसवून पाहिलं. सगळे जागच्या जागी होते, एक वडील सोडून.

दुसऱ्या दिवशी भय्यासाहेब रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाबरोबर स्पष्ट झाले. मग एका सकाळी थेट कॉलनीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीबरोबर. बसलेले होते तिथेच, बशीतून चहा पीत. त्या दिवसापासून अमेयने घरात या विषयाचं नाव काढलं नाही.

नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी रिंग आडव्या आठाला टेकायला केसभर उरली होती.

अमेय तडक नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेला. एरवी देवधर्म त्याने मेघनावर सोपवलेला. त्याने द्रोणातला दिवा पाण्यात सोडला आणि आई लहानपणी त्याच्या तापात म्हणायची तेच म्हणाला, "नर्मदामाई, माझं आयुष्य बाबांना लागू दे."

बोलायची पद्धतच आहे ती. आपल्याकडे कोण म्हणत नाही?

दिवा भोवऱ्यात न अडकता सरळ निघून गेला.

ऑपरेशन निर्धोक पार पडलं. भय्यासाहेब घरी आले, हिंडूफिरू लागले, वरणात मीठ कमी म्हणून कुरकुरू लागले. एका सकाळी अमेयने धीर करून कॅमेरा काढला. दोन मीटर. खुर्ची लाल झाली आणि भय्यासाहेबही. मिशीचा केस न् केस दिसत होता. अमेयचे डोळे भरून आले. त्याने मनसोक्त फोटो काढले.

"आण इकडे," भय्यासाहेब उठत म्हणाले. "आता तू बस. तुझा काढतो."

अमेय खुर्चीत बसला. भय्यासाहेबांनी एक डोळा मिटून अंतर मापलं, रिंग लावली आणि पडद्यात पाहिलं.

"हलून राहिला का रे तू?"

"नाही, बाबा."

"खुर्ची तर बरोबर आली." त्यांनी रिंग थोडी फिरवली. मग आणखी थोडी.

अमेयच्या हातांना खुर्चीचं लाकूड गार लागत होतं. आत मेघना कुकर लावत होती.

रिंग फिरत राहिली.

मग ती शेवटाला टेकल्याचा बारीक आवाज झाला.

"आडव्या आठावर आली," भय्यासाहेब हसत म्हणाले, "अन् तू अजून धूसरच."

अंगठ्याने ते रिंग आणखी पुढे रेटत होते.