प्रितमचा हात

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. आता खोडायचीच भीती वाटते, म्हणून जसं येते तसं राहू देतो.

मी मशीनची चित्रं काढतो. लाखनीत हायवेवर पुंडलिकरावांचं वर्कशॉप आहे, तिथं धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीन बनतात. मशीनसोबत पुस्तिका जाते. बेल्ट कसा चढवायचा, भारा कुठून टाकायचा, हात कुठं घालायचा नाही. त्यातली चित्रं माझी. शिकवलं कोणी नाही. भंगारातल्या पुस्तिका पाहून ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनानं शिकलो.

अशा चित्रात हात लागतोच. तो प्रितमचा. माझा शाळेपासूनचा दोस्त, सीझनमध्ये हीच मशीन गावोगाव चालवतो. त्याले समोर बसवायचं अन् दर पानासाठी हात नव्यानं काढायचा.

"माह्या हाताचं भाडं दे बे," म्हणायचा अन् समोसे वसूल करायचा.

यंदा टॅबलेट घेतला. त्याचा उजवा हात स्कॅन करून रेषा ओढल्या अन् तोच सगळ्या पानांवर लावला. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, मूळ हात बदलला की सगळीकडचे हात आपोआप बदलतात. मले लय भारी वाटलं.

पुंडलिकरावांनी पाहिलं. "हे अंगठ्याखाली काय व्हय?"

"वण आहे काका. लहानपणी विळा लागला होता त्याले."

"घेणाऱ्याले काय करायचं त्याचं? काढ. अन् शेवटच्या पानावर बोटं तुटलेला हात दाखव. वाचत कोणी नाही बाप्पा, पाहून तरी भेतील."

रात्री उशिरा वण खोडला. एका झटक्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं खोडली. चार. अंगठा ठेवला. फाईल पुंडलिकरावांना पाठवली, बंद केली, चहा मांडला.

प्रितमचा व्हिडिओ कॉल आला. पवनीकडच्या एका खळ्यावर होता, मागं मशीन धडधडून राहिली होती.

"अबे, माहा वण गेला."

"कोणता वण?"

"विळ्याचा. रात्री झोपतपर्यंत होता. आई म्हणते, काय लावलं रे?" हसून राहिला होता. हात स्क्रीनजवळ आणला. अंगठ्याखालची चामडी साफ. मी वण खोडला होता तितकीच, तेवढ्याच लांबीची.

मी फाईल उघडली.

शेवटचं पान बरोबर होतं. बाकीची पाहिली. बेल्ट चढवणाऱ्या हाताले बोटं नव्हती. नट कसणाऱ्या हाताले नव्हती. घाईत मी मूळ हातच खोडला होता.

"प्रितम, मशीन बंद कर."

"काहून?"

"बंद कर म्हणतो ना."

"थांब, एवढा भारा टाकतो."

फोन त्यानं कुठंतरी ठेवला. स्क्रीनवर नुसतं आभाळ.

मागं घ्यायचं बटण चालेना, फाईल बंद करून उघडली होती. स्कॅन शोधायले वेळ नव्हता. नुसत्या अंदाजानं चार बोटं ओढली.

सेव्ह केलं.

मशीन थांबली.

मी हाका मारत राहिलो. मग आभाळ हललं, प्रितमचं तोंड दिसलं. पांढरं पडलेलं.

"आत गेला होता बे हात," म्हणे. "पुरा आत."

"बोटं?"

त्यानं खाली पाहिलं. लय वेळ पाहिलं.

"आहेत."

आज दुपारी तो आला. सकाळी राशन दुकानात गेला होता, तिथल्या ठसे घ्यायच्या मशीननं बोट घेतलं नाही. एकही नाही. टेबलावर हात ठेवला, पहिले ठेवायचा तसा. चार बोटं, सरळ, साफ. सांध्यावर वळ्या नाहीत. नखं नाहीत. घाईत मी काढलीच नव्हती. फाईल उघडून त्याले सगळं सांगितलं.

"दुखते?"

"नाही. टॅबलेटवर सोडू नको, तू काढ. कागदावर. अन् पाहून काढ." डावा हात त्यानं बाजूले ठेवला, पाहायले.

ट्रेसिंग पेपर लावला. शाई भरली. निब कागदावर टेकवली, अन् टेबलाच्या पलीकडं त्यानं बोट आखडलं.

"टोचलं बे," म्हणे.

पहिलं नख जरा वाकडं आलं. आम्ही दोघंही त्याच्या बोटावरच्या नखाकडं पाहत राहिलो, कागदावरच्या नाही. मग मी त्याले शब्द दिला, कितीही वाकडं येऊ दे, खोडणार नाही.