उजवीकडची सीट

आईचा डबा परत आणायला म्हणून मी अनुपमाकाकूंच्या व्हिलावर गेले, तर पोर्चमध्ये एका बिनदाराच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

“तेराचा पाना दे,” म्हणत एक हात पुढे आला.

हाताला लागला तो पाना मी दिला.

“पप्पा, हा चौदाचा आहे!”

“मग चौदाचा बोल्ट शोध. आणि मी पप्पा नाही.”

डोकं आपटल्याचा आवाज आला. मग ऑइलनं माखलेला एक चेहरा बाहेर सरकला आणि असा काही हसला, की मी डबा तिथेच विसरून घरी आले.

हा काकूंचा मुलगा वेदांग. इथे आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये इंजिनियर; घरी मात्र खोक्यांतून मागवलेले भाग जोडून स्वतःची गाडी बनवणारा वेडा. डबा आणायला मी पुन्हा गेले. मग दर शनिवारी जातच राहिले.

“ईश्वरी, जरा बस ना... मोजमाप घ्यायचंय.”

इथे स्टिअरिंग डावीकडे असतं; ड्रायव्हरशेजारची, उजवीकडची ती सीट त्यानं कितीदा पुढेमागे केली! माझे पाय नीट टेकावेत म्हणून, मानेला आधार मिळावा म्हणून.

“पण तुझी पॅसेंजर माझ्याच उंचीची असेल कशावरून?”

तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि हातातलाच पाना शोधायला लागायचा. बोल्टांवर तासभर बोलेल, पण माझ्याबद्दल — एक अक्षर नाही! असा राग यायचा... आणि शनिवार उजाडला की मी पुन्हा हजर.

एवढ्यात काका-काकूंनी व्हिला सोडायचं ठरवलं. नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नंबर प्लेट नसलेली गाडी चालणार नव्हती. नंबर प्लेटसाठीची टेस्ट पास झाली तर ठीक, नाहीतर गाडी खोर फक्कान गावच्या एका शौकिनाला विकायची, असा शब्द वेदांगनं काकांना दिला होता.

टेस्टच्या सकाळी काकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि कुंकू लावलेल्या अक्षतांची वाटी माझ्या हातात दिली. मी इथेच वाढलेली. अक्षता किती टाकायच्या, मला काय ठाऊक? सीट, स्टिअरिंग, वेदांग — मूठ भरभरून टाकल्या.

टेस्टिंग सेंटरवर ब्रेक पास, दिवे पास, सायलेन्सर पास. मी मनात गणपतीला मोदक कबूल करत होते. मग तपासणीस हमदुल्लाभाईंनी उजवीकडच्या सीटचा बेल्ट ओढून बकलमध्ये घातला. लागेना. त्यांनी पुन्हा घातला. अंहं.

“भाई, ये सीट निकाल दो,” ते म्हणाले. “सिंगल सीटर में अभी पास. यल्ला, चलो, खलास.”

चार बोल्ट तर काढायचे होते. काढ रे बाबा, मी मनात म्हटलं... आणि काढलीस तर बघ, असंही म्हटलं.

“नहीं भाई,” वेदांग म्हणाला.

“अरे, फेल हो जाएगा! चलाना तो तुमको ही है ना?”

“अकेले चलाने के लिए नहीं बनाई.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. कान मात्र लालबुंद झाले होते. इतक्या शनिवारांचा माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मला रडू येत होतं आणि हसूही.

पण गाडी? हमदुल्लाभाईंनी पेन उघडलं होतं.

“भाई, एक मिनट!” मी वाकून बकलमध्ये डोकावले. आत काहीतरी लाल दिसलं. ओढणीची पिन काढली, टोकानं हळूच उकरलं आणि तळहातावर कुंकवात माखलेला तांदळाचा एक दाणा पडला.

बेल्ट लावला. खट्!

“चावल?” हमदुल्लाभाई थक्क. “गाड़ी में बिर्यानी पकाई थी क्या?”

पास!

नवी कोरी प्लेट लावून आम्ही बाहेर पडलो. छत नसल्यानं गरम वारा तोंडावर येत होता, माझी ओढणी त्याच्या खांद्यावर फडफडत होती.

“सॉरी,” मी म्हटलं. “माझ्या अक्षतांनी फेल होणार होतास.”

“चालेल की. आपल्या दोघांवर अक्षता पडल्या, तर...” तो अडखळला.

“तर काय? बोल्ट सोडून बोल.”

सिग्नल लागला. त्यानं गाडी थांबवली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

“ही सीट तुझ्याच मापाची आहे, ईश्वरी. दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. कायमची... बसशील?”

तो लाल दाणा अजून माझ्या मुठीत होता. मी मूठ उघडली आणि तो त्याच्या डोक्यावर टाकला.

मागून हॉर्न वाजायला लागले. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.