बनुबाईचं भोत

मी डॉक्टर नाही. सरकारी कागदावर मी गुरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, अशी आपल्याकडची रीत, आणि मीही ती कधी दुरुस्त केली नाही. चूक कबूल करायची सवय मला तेव्हाही नव्हती.

१९७४च्या मार्चमध्ये मी मेढ्याला होतो. मेढ्याच्या वरच्या अंगाला, दोन तासांच्या चढावर, तीन घरांची एक वस्ती होती. तिथल्या बनुबाईच्या म्हशीचं बारा दिवसांचं रेडकू मेलं म्हणून मला बोलावणं आलं. रेडकाचा गळा सुजलेला दिसला. घटसर्प असं ठोकून देऊन मी मोकळा झालो आणि नियमाप्रमाणे ते कातड्यासकट चुना टाकून पुरायला लावलं.

"डॉक्टर, कातडं तरी ठिवा," बनुबाई म्हणाली. "भोत करायचं हाय."

भोत म्हणजे मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून केलेलं सोंग. म्हशीपुढं उभं केलं की ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. मी साथीची भीती घातली आणि कातडं मातीत गेलं. तपासायला पाठवलेल्या रक्ताच्या काचपट्टीचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. घटसर्प नव्हताच.

म्हैस दुसऱ्या दिवसापासून पान्हा चोरायला लागली. घरात दीड महिन्याची नात होती, जाई. तिची आई बाळंतपणात गेलेली, बाप आकाराम पलटणीत, तिकडं आसामात. वस्तीवर दुसरं दुभतं जनावर आता उरलं नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा पोर रडतही नव्हती, नुसते ओठ हलवत होती. ती माझ्यामुळं उपाशी आहे, असं मला कोणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

परत उतरताना करवंदीच्या जाळीखाली भेकराचं पाडस दिसलं. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके, पोट जमिनीला चिकटवून गप्प बसलेलं. भेकराची मादी पिल्लाला असंच लपवून चरायला जाते आणि परत येते. हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पाडस उचललं आणि पुन्हा चढ चढलो.

"आई मेलीय ह्याची," मी बनुबाईला सांगितलं. "कुत्र्यांनी धरली."

"तुमी बगितलं?"

"व्हय."

आम्ही पाडसाच्या अंगाला मीठ आणि म्हशीचंच पिळून काढलेलं थेंबभर दूध चोळलं. म्हैस हुंगून मागं सरली. मग मिठाच्या चवीनं चाटायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पान्हा सोडला. एका अंगाला पाडस, दुसऱ्या अंगाला बनुबाईची कासंडी. जाई वाटीभर दूध प्याली आणि झोपली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

त्याच दुपारी समोरच्या रानातून भेकर भुंकलं. कुत्र्यासारखंच, पण एकेक आवाज सुटा, मध्ये वाट बघितल्यासारखा. पाडसाचं तोंड म्हशीच्या सडाला होतं. त्याचा डावा कान तेवढा रानाकडं वळला. बनुबाईनं ते पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"दुसरं असेल कुठलंतरी," मी म्हणालो.

ते रोज दुपारी भुंकायचं आणि रोज तो कान वळायचा. जाळी वीस मिनिटांवर होती. पाडस नेऊन ठेवता आलं असतं. वन्यप्राण्यांच्या नव्या कायद्याप्रमाणं वनखात्याला कळवायला हवं होतं, तेही मी केलं नाही. उद्या बघू, म्हणत राहिलो. नवव्या दिवशी म्हशीचं जड दूध बाधून, हगवण लागून पाडस मेलं.

या वेळी मी कातडं पुरलं नाही. मीच सोललं, हळद-मीठ लावून वाळवलं, पेंढा भरला आणि पोटावर बावीस टाके घातले. कान पुढं राहावेत म्हणून दोन्ही कानांच्या मुळाशी एकेक टाका जास्त घातला. सवयीनं वहीत मापही लिहिलं. म्हशीनं भोत चाटलं आणि पान्हा सोडला. रानातलं भुंकणं त्या दिवसापासून बंद झालं.

जाई बाळसं धरायला लागली. दोन महिन्यांनी गेलो तर भोताचे ठिपके पुसट झाले होते.

"चाटून चाटून जाणारच," मी म्हणालो.

"म्हस मानंवर चाटती," बनुबाई म्हणाली. "ठिपकं पाठीवरचं गेल्यात."

पोटावरचे टाकेही तुटले होते. पेंढा दमटीनं फुगला असणार. मी पेंढा कमी केला, तरी कडा जुळेनात. कातडं वाळलं की आकसतं, वाढत नाही. मी वही काढून पाठ मोजली. ती चार बोटं जास्त भरली. पहिलं माप चुकलं असेल असं म्हणून मी जुना आकडा खोडला.

पुढं माझी बदली सांगलीला झाली. दवाखाना बाजाराच्या मागं होता आणि दिवसभर हळदीची पूड नाकात जायची. रान म्हणून काही जवळपास नव्हतं. मला तेच हवं होतं.

१९७७च्या उन्हाळ्यात एका दुपारी बनुबाई दारात उभी राहिली. एसटीनं आली होती. हातात पोतं. तिनं ते माझ्या टेबलावर रिकामं केलं.

ठिपका एकही उरला नव्हता. पोट पार उसवलेलं.

"म्हस फिरून याली. रेडकू हाय तिला," ती म्हणाली. "भोताचं काम न्हाई आता."

"मग टाकून द्यायचं."

"जाई टाकू देत न्हाई. रोज दुपारी रानाकडं त्वांड करून हुबं करती. कुनी शिकिवलं न्हाई तिला."

मी सुई ओवत होतो. ओवली जाईना.

"बनुबाई, त्याची आई मेली नव्हती."

"ठावं हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोरीला दूद मिळत व्हतं. म्या बी गप ऱ्हायले." मग उठता उठता म्हणाली, "टाकं जरा ढिलं घाला. अजून वाढंल."

ती समोर गूळ घ्यायला गेली.

मी टाके घातले. एकतीस लागले. कपाळावरून हात फिरवला तेव्हा कातड्याखाली दोन टणक गाठी बोटांना लागल्या. शिंगं फुटायच्या जागी. तिथं मी काही भरलं नव्हतं.

कानांचे टाके तपासले. दोन्ही शाबूत होते. दोन्ही कान पुढं, माझ्याकडं.

हळदीची धूळ येत होती म्हणून खिडकी लावायला उठलो. बाहेर हमाल पोती उतरवत होते. एक रिक्षा गेली.

मागं वळलो.

टाका तसाच होता, न उसवलेला. डावा कान खिडकीकडं वळला होता.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.