राखून ठेवलेली बोळकी

मुंबईहून दौंड, दौंडहून बारामती आणि पुढं एस.टी.नं धुरळा खात जोतीराम कळंबला पोचला, तेव्हा वैशाखाचं ऊन कलायला लागलं होतं. सोप्यात तुळईला झोळी बांधली होती आणि तिच्यात त्याचा दोन महिन्यांचा मुलगा पाय झाडत होता. थोरली रतन गेल्या श्रावणात तापानं गेली होती, सहा वर्षांची. आता हे पोरगं जगावं, याखेरीज घरात दुसरा विषय नव्हता.

जोतीरामचं काम काय, हे गावाला सांगून कळत नसे. मुंबईच्या एका संस्थेत गणितं करणारं यंत्र उभं राहिलं होतं. त्याच्या पोटात माहिती ठेवायला नुसते खण, आणि खणांना नावं नाहीत, नंबर. कुठल्या खणात काय ठेवायचं, पुढं भर पडेल म्हणून किती खण राखायचे, हे माणसानं आधी ठरवून तुटक अक्षरांच्या हुकमांनी यंत्राला सांगायचं. चुकीच्या खणात पाठवलं तर यंत्र कुरकुरत नाही. तिथं जे सापडेल ते खरं धरून पुढं जातं.

"म्हंजी तुजं यंत्र आपल्या तलाठ्यागतच हाय की," त्याची आई फुलाबाई म्हणाली, आणि त्याला हसू आवरेना.

रजेतही त्याचं डोकं रिकामं राहीना. पाटाच्या पाण्याची पाळी यंत्राला कशी शिकवावी, हे गणित त्यानं घेतलं होतं. यंत्रावर वेळ मिळायची मारामार, म्हणून हुकूम आधी हातानंच चालवून बघायचे. त्यानं माळ्यावरून रतनची भातुकलीची बारा बोळकी काढली, फुंकर मारली, सोप्यात ओळीनं मांडली आणि चुन्यानं नंबर घातले. एक बोळकं म्हणजे एक शेतकरी. आत जितके चिंचोके, तितक्या नंबरच्या बोळक्याकडं पुढची पाळी. रिकामं बोळकं आलं की पाळी संपली. मधे कुणाला घालायचं झालं तर बोळकी हलवायची नाहीत, नुसते चिंचोके बदलायचे. पाळी आठव्यावर संपत होती. पुढची चार त्यानं उद्या येणाऱ्यांसाठी रिकामी राखली.

खरं तर हा खेळ रतनचा. मागच्या उन्हाळ्यात त्यानंच तिला शिकवला होता. रिकामं बोळकं आलं की "डाव मोडला!" म्हणून पोर टाळ्या पिटायची.

बोळकी बघून फुलाबाईचा चेहरा उतरला. "गेलेल्याचं मातीचं भांडं घरात ठेवू न्हाय. सुतक फिटलं तवाच पाटात सोडाया सांगितलं हुतं म्या."

"न्हाय सोडवली मला," सारजा, त्याची बायको, खाली बघत म्हणाली. "तिचं म्हनून तेवढंच राहिलं हुतं."

"आये, माती ती माती," जोतीराम म्हणाला.

दुपारी तो हुकूम वाचायचा आणि सारजा त्याप्रमाणं बोळक्यांवरून जायची. पहिले दोन दिवस ती आठव्यावर थांबली. तिसऱ्या दिवशी थांबली नाही.

"आवो, आठव्यात नऊ हायत."

ती नवव्याकडं गेली. ते रिकामं होतं. जोतीरामनं उंदरावर आळ घातला. पण उंदीर चिंचोके पळवतो, मोजून आणून ठेवत नाही. त्यानं आठवं रिकामं केलं, ओळीवर डालगी पालथी घातली, वर दगड ठेवले.

दुसऱ्या दिवशी दगड जागच्या जागी होते. आठव्यात नऊ चिंचोके होते आणि नवव्यात दहा.

आता मात्र त्याला भीती वाटली. मुंबईचे साहेब सांगायचे ते आठवलं: राखलेला खण रिकामा समजू नका, आधी जे होतं त्यातलं काहीतरी राहतंच, पुसा आणि मगच वापरा. त्यानं बोळकी ओल्या फडक्यानं आतून पुसली. त्याच संध्याकाळी फुलाबाई झोळीशी वाकली आणि म्हणाली, "पोरगं अंगावर पीत न्हाय. अंगबी कोमट लागतंय."

पुढच्या दुपारी दहाव्यात अकरा.

मग अकराव्यात बारा. पोराला ताप चढला. सकाळच्या एस.टी.नं त्याला बारामतीच्या डॉक्टरकडं नेलं, औषध आणलं. उतार पडेना. पोर रडतही नव्हतं. मान वळवून ओळीकडं बघत होतं.

दुपारी सारजानं बाराव्यात हात घातला. मोजले. पुन्हा मोजले.

"तेरा."

"तेरावं बोळकंच न्हाय," जोतीराम म्हणाला.

सारजानं चिंचोके खाली ठेवले. "हाय. तेरा हुती. एक म्या तिच्या मुठीत दिलं, मातीत ठेवताना."

तेरावं झोळीखाली होतं.

त्याला ओली काळी माती लागलेली होती. वैशाखात अंगणातली ढेकळं दगडासारखी झाली होती.

आत काही नव्हतं.

रिकामं आलं की संपलं. नियम त्याचाच होता.

झोळीतून श्वासाची घरघर येत होती. जोतीरामनं एक चिंचोका उचलला आणि तेराव्यात टाकला. एक. म्हणजे पुन्हा पहिल्याकडं. मुंबईत ही चूक झाली तर यंत्र फिरतच राहतं, शेवटी बंद करावं लागतं.

दिवेलागणीला पोराला घाम फुटला. ते आईच्या अंगावर प्यायलं.

"आता तरी पाटात सोड रं ती," फुलाबाईनं हात जोडले.

"न्हाय आये. एकबी हलवायचं न्हाय. एक फुटलं तरी पाळी तितंच थांबंल."

रजा संपली. तो गेला नाही. मुंबईहून दोनदा विचारणा आली, मग तीही बंद झाली. तो ओळीशी बसून राही. बोळक्यांना कुणी हात लावत नसे, तरी दुपारी चिंचोक्यांचा बारीक आवाज पहिल्यापासून तेराव्यापर्यंत जाई आणि पुन्हा पहिल्यापासून येई. झोळीतल्या पोराचे डोळे त्या आवाजामागं फिरत. पोर बाळसं धरत होतं. जोतीरामला तेवढं पुरे होतं.

कार्तिकात पोरगं बसायला लागलं. एका दुपारी सारजा विहिरीवर गेली होती, फुलाबाई मळ्यात. जोतीरामचा बसल्या जागी डोळा लागला. जाग आली ती टाळ्यांनी.

पोरगं झोळीखाली बसलं होतं. तेरावं बोळकं पालथं पडलं होतं. चिंचोका कुठं दिसेना.

जोतीरामनं त्याच्या हातांकडं बघितलं. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. टाळ्या वाजतच होत्या.