टाचेमागचा दोरा

बस चुकली म्हणून मी समोरच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात शिरले. पिशवीत बॅलेचे नवेकोरे पॉइंट शूज होते — बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे ते. त्यांना रिबिनी शिवून हव्या होत्या. दुकानदार तरुण निघाला. शूज राहिले बाजूला, तो माझ्या पायातल्या रोजच्या बुटांकडेच टक लावून पाहत राहिला...

"टाचा बाहेरच्या बाजूनं झिजल्यात," तो म्हणाला. "घोटा कलंडतो तुमचा. अशा पायांनी बोटांवर उभ्या राहिलात, तर मुरगळून घ्याल. मी नाही शिवणार."

"मी भविष्य विचारायला आलेले नाही!"

"भविष्य कुठे? झालं तेच सांगतोय."

मी तणतणत बाहेर पडले. पण बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. आमच्या नृत्याच्या बाईंनी याच घोट्यापायी मला दोनदा नापास केलं होतं. एका पायावर पंचवीस वेळा टाच उचलायची, घोटा जराही न डगमगता, तरच पॉइंट शूज घालायला मिळणार. सहा आठवड्यांनी तिसरी आणि शेवटची संधी होती. "एकवीस वर्षांची झालीस. या वेळी नाही जमलं, तर हा नाद सोड," असं बाईंनी बजावलं होतं. आणि मी शहाणी, शूज आधीच घेऊन बसले होते!

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून परत गेले. त्यानं मला एका लाकडी ठोकळ्यावर उभं केलं. मेण लावलेल्या शिवायच्या दोऱ्याला खिळा बांधला आणि गुडघ्यावर बसून तो माझ्या टाचेमागे सरळ लोंबता धरला.

"उचला आता. टाच दोऱ्याची रेघ सोडता कामा नये."

नवव्या वेळी सोडली.

"वर छान जाता. खाली येताना घाई करता."

"बॅले येतं वाटतं तुम्हाला?"

"छे! टाचा कळतात फक्त."

मग रोजचंच झालं. घरी पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा, दात घासताना एका पायावर उभं राहायचं आणि संध्याकाळी दोऱ्यापुढे हजेरी. जायला निमित्त हवं म्हणून कधी आत्याच्या चपला न्यायचे, कधी आतोबांचे बूट.

"आता शेजाऱ्यांचे जोडे पळवणार का?" आत्या म्हणाली. "की त्या टाचवाल्यालाच घरी आणतेस एकदा?"

मी मान खाली घालून टॉवेल गोळा करत राहिले.

परीक्षेत विसाव्या वेळेला पोटरी पेटली. बाई मागे उभ्या होत्या. मी मनातल्या मनात तो दोरा टाचेमागे सोडला आणि सावकाश, अगदी सावकाश खाली आले. एकवीस... बावीस... पंचवीस झाल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "रिबिनी स्वतः शिवायच्या हं."

मी शूज आणि रिबिनी घेऊन धावतच दुकानात गेले. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. तो हसला, मग त्यानं सवयीनं माझ्या बुटांकडे पाहिलं. टाचा आता दोन्ही बाजूंनी सारख्याच झिजत होत्या.

"म्हणजे... आता तुमचं इथं काही काम उरलं नाही," तो म्हणाला. "टाच सरळ होत गेली तसा आनंद व्हायचा, आणि धडकीही भरायची."

हातातलं काम टाकून हा माणूस सहा आठवडे माझ्या पायाशी बसला होता. चुकलेल्या बसचेसुद्धा आभार मानावेसे वाटले मला.

"तुमचे उपकार..."

"उपकार नकोत हो." त्यानं दोऱ्याचा खिळा सोडला, तोच दोरा सुईत ओवला आणि सुई माझ्या हातात दिली. "शिवा."

मी पहिला टाका घातला. वर न बघता मी म्हणाले, "मी उद्याही येईन... काहीही दुरुस्तीला न आणता. तुमच्यासाठी. चालेल?"

त्याचे कान लाल झाले.

"चालेल. आणि आत्यांना सांगा, त्यांच्या चपला तीनदा आल्या इथं... तिन्ही वेळा धडधाकट होत्या. मी नुसत्या पुसून ठेवायचो — तुम्ही न्यायला याल म्हणून."