सव्वादोन मीटरवरचा पंजा

विश्वास ठेवणार असाल तर आत्ताच उठा, मला असली भोळी गिऱ्हाइकं नकोत. मी जन्मभर थापा मारल्यात. तीस वर्षं नवऱ्याला सांगितलं की चहात साखर आहे, आणि नव्हती. तेव्हा ही गोष्ट खरी म्हणणाऱ्याचा कान पिरगाळीन. ए चष्मिस, तू आधीच भिंतीला चिकटलास? अजून मी तोंड उघडलेलं नाही!

झालं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या जावयाला. मला तो कधी आवडला नाही. बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा, जणू मागे कोणी जास्त पगाराचा उभा आहे.

हा लोखंडाच्या कारखान्यात साहेब. तिथे लालभडक तापलेला, दाराएवढा रुंद आणि वीतभर जाड ठोकळा रोलांच्या जोड्यांमधून काढतात, एकीतून दुसरीत. उसाचा चरक बघितलाय ना? तसाच, फक्त घराएवढा, आणि रस निघत नाही. शेवटच्या जोडीतून नखाएवढा पातळ पत्रा धावत्या मोटारीच्या वेगाने सुटतो आणि पुढे त्याची गुंडाळी होते.

आता रोलवर केसाएवढा ओरखडा असला तरी तो पत्र्यावर उमटतो. रोलची एक फेरी झाली की पुन्हा उमटतो. दर सव्वादोन मीटरवर एक, गुंडाळी संपेपर्यंत.

पूर्वी तो ओरखडा हाताने शोधायचे. एक म्हातारा होता, सगळे त्याला रोलमामा म्हणत. मिल, म्हणजे हा सगळा चरक, थांबली की आत शिरायचा, रोलवर उजवा पंजा फिरवायचा आणि सांगायचा, "इथे बोचतंय, बदला." कधी चुकला नाही.

आत शिरायचा नियम कडक. ज्याने त्याने आपलं कुलूप मुख्य बटणाला लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. एक कुलूप लटकत असलं तरी रोल हलत नाही. प्रत्येक कुलपाची जोडीची किल्ली साहेबाच्या कपाटात, पाकिटात सील करून, अगदीच गळ्याशी आलं तर.

एकदा मामा आत होता, आणि ह्या जावयाला घाई. म्हातारा कुलूप काढायला विसरून चहाला गेला असेल, असं ह्याने आपलं ठरवलं. खाली वाकून बघायला कंबर दुखत होती का मेल्याची? पाकीट फाडलं, कुलूप काढलं, बटण दाबलं.

मामाची करंगळी गेली. अनामिकाही.

चौकशीत हा काय म्हणाला? "मामाने कुलूप लावलंच नव्हतं." आणि कुलूप ह्याच्याच टेबलाच्या खणात! मामाला घरी बसवलं, भरपाई म्हणून दमडी दिली नाही. वर्षभरात गेला. जाईपर्यंत एकच बोलणं, "मी लावलं होतं." बायकोला, डॉक्टरला, भिंतीला. "मी लावलं होतं."

पुढे मिल नवी झाली. रोल दहा मिनिटांत आपोआप बदलतात, माणसाचा हात लागत नाही. जाडी कंप्युटर बघतो. कॅमेरा पत्र्याच्या इंचाइंचाचे फोटो काढतो, डाग दिसला की तो कसला ते पडद्यावर लिहितो. हे सगळं जावयाने बसवून घेतलं, आणि आता तो अख्ख्या मिलचा प्रमुख व्हायचा होता. शुक्रवारी सकाळी नऊला मोठे खरेदीदार येणार, पत्रा बघणार, पसंत पडला की खुर्ची ह्याची.

गुरुवारी रात्री हा जेवून झोपला, पण एक वाजता उठला. बायकोला म्हणाला, "उद्यासाठी एक चांगली गुंडाळी बाजूला काढून येतो. तासाभराचं काम. आतून कडी घालू नकोस."

एक वाजून चाळीस मिनिटांनी तो वरच्या काचेच्या खोलीत पोचला. तिथे मिल चालवणारी बाई एकटीच होती, दोनच वर्षांची नोकरी. रोलमामाला तिने बघितलेलं नव्हतं.

"बरं झालं आलात साहेब. कॅमेऱ्याला वेड लागलंय."

"म्हणजे?"

"डाग कसला ते सांगत नाही. नुसतं 'माहीत नाही' लिहितोय. हे बघा की."

पडद्यावर पत्रा. पत्र्यावर पंजा. अंगठा आणि दोन बोटं. पुढची दोन जिथे हवीत, तिथे सपाट.

सव्वादोन मीटरवर पुन्हा.

पुन्हा.

"कुणाचा हात असेल हो?"

जावयाच्या उजव्या हातात जाड सोन्याची अंगठी होती. ती फिरवत राहिला. "तापल्या पत्र्याला हात कोण लावेल? अक्कल आहे का? रोल खराब आहे. बदल."

दहा मिनिटांत नवे रोल आले. घासून आरशासारखे केलेले. पुढचा ठोकळा सोडला.

पंजा. तोच. ह्या वेळी जरा खोल.

"साहेब, मी मिल थांबवते. सकाळची माणसं येऊ देत."

"आणि नऊ वाजता काय दाखवू? माझं थोबाड? आधी ते फोटो पुसून टाक."

"पुसता येत नाहीत. तुम्हीच तसं करून घेतलंय ना."

जावई खाली निघाला. नियम दोघांनी जायचा. पण दुसरा कोणी जुना कामगार आला आणि त्याने तो हात ओळखला तर?

दोन वाजून अठरा मिनिटं. मिल थांबलेली. ह्याने स्वतःचं कुलूप बटणाला लावलं. ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. दुसऱ्याचं कुलूप काढताना मागेपुढे बघितलं नव्हतं, स्वतःचं तीनदा ओढून बघितलं! शिवाय कपाटातली ह्या कुलपाची जोडीची किल्लीही आधीच खिशात घातली होती. हुशार ना.

आत शिरला.

पाणी ठिबकत होतं. बॅटरी मारली. रोल स्वच्छ. चकचकीत. काहीच नाही.

डोळ्यांना दिसेना, म्हणून त्याने हात ठेवला. मामा ठेवायचा तसा. उजवा.

रोल गरम हवा होता... गार पडला होता. बर्फासारखा.

आणि हाताखाली खळगा होता. दिसत नव्हता. लागत होता. अंगठा त्यात बसला. दोन बोटं बसली.

दोन उरली.

ठिबकणं थांबलं.

कानाशी कोणी श्वास घेतला. "मी... लावलं होतं."

...

रोल फिरला. वीतभर. बस.

वर बाई बसली होती, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर वेग शून्य. किंकाळी ऐकून ती धावली. मुख्य बटणाला ह्याचं कुलूप होतं तिथेच, बंद. दोन्ही किल्ल्या ह्याच्या खिशात. करंगळी नव्हती. अनामिका नव्हती. सगळी मिल धुंडाळली, ना बोटं सापडली ना अंगठी.

दवाखान्यात चौकशीवाले आले. हा एकच सांगत होता, "मी लावलं होतं हो, मी लावलं होतं." ते म्हणाले, "असेल, असेल," आणि एकमेकांकडे बघितलं.

वरचे साहेब निगरगट्ट. रोल बदलले आणि नऊच्या ठोक्याला खरेदीदारांसमोर मिल चालू केली. पहिला पत्रा निघाला. शंभर मीटर, चारशे, आठशे... कुठे टिपका नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अगदी शेवटी एक पंजा. एकच. त्यानंतर आजवर पुन्हा उमटला नाही.

पाचही बोटं होती. तीन हाडकुळी, म्हाताऱ्याची. करंगळी आणि अनामिका जाड, गुबगुबीत. आणि अनामिकेच्या मुळाशी अंगठीची खाच.

काय रे चष्मिस, हात कशाला खिशात घातलास? थाप आहे म्हटलं ना मी? चला, उठा. पळा आता. आणि जाताना दार हळू ओढा, बोटं सांभाळून. जा.